आधी मोजे, मग बूट, आणि चाकू घरीच

पत्र थोडक्यात असं: "मी ४७ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. बँकेतल्या आम्ही पाचजणींनी श्रावणात कळसूबाईला जायचं ठरवलंय. पहाटे निघायचं, बारी गावातून चढायचं, संध्याकाळी घरी. कॉलेज सुटल्यापासून मी डोंगर चढलेले नाही. चार वर्षांपूर्वी जिन्यात डावा घोटा मुरगळला होता, तो अजून अधूनमधून ठणकतो. पुण्याच्या भाच्यानं यादी पाठवली आहे: घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट साडेनऊ हजारांचे, सहा इंची पात्याचा 'सर्व्हायव्हल' चाकू अडीच हजारांचा (तो मागवूनही झाला, पार्सल आलंय), आणि शेवटी 'मोजे कुठलेही चालतील.' नवरा हसतो, म्हणतो आम्ही स्लिपरवर चढायचो. माळ्यावर माझे सहा-सात वर्षांपूर्वीचे स्पोर्ट्स शूज आहेत, जेमतेम वापरलेले. एवढा खर्च केला आणि एकदाच जाऊन थांबले तर? आणि नाही केला आणि पडले तर? सगळ्या बायकाच आहोत, तेव्हा चाकू तरी जवळ हवाच ना? आमच्यातल्या एकीला मधुमेह आहे, तिनं काय घ्यावं तेही सांगा."

ताई, तुमच्या भाच्याची यादी प्रेमाने केलेली आहे यात शंका नाही, पण ती खालून वर वाचा. ज्याला त्यानं 'कुठलेही चालतील' म्हटलंय, त्या मोज्यांवर तुमचा निम्मा दिवस अवलंबून आहे. बूट महत्त्वाचे आहेत, पण त्यानं सांगितले तसे नकोत. आणि चाकू मुळीच नको.

पार्सल परत पाठवायची मुदत चालू असेल, म्हणून चाकूचंच आधी बोलू.

कळसूबाईचा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. आणि त्याच कायद्यात 'शस्त्रा'च्या व्याख्येत बंदुका, धनुष्यबाण, जाळी, सापळे यांच्या जोडीला चाकूही घातलेला आहे. भाचा कदाचित म्हणेल की नऊ इंचांपर्यंतचं पातं चालतं. ती नऊ इंचांची गोष्ट २०१६ च्या शस्त्र नियमांतली, तिचा अभयारण्याशी संबंध नाही. सफरचंद कापायच्या सुरीवरून बारीच्या वाटेवर कुणी तुम्हाला धरून ठेवेल असं मला वाटत नाही. पण कमरेला सहा इंची पातं लटकवून गेलात तर वनरक्षकानं हटकलं म्हणून त्याला नावं ठेवता येणार नाहीत. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयनेतला वासोटा, इथे जाणाऱ्या इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावं.

पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: चाकू हवा कशासाठी? तुम्ही लिहिलंय, सगळ्या बायका आहोत म्हणून. समजू शकते. पण चाकू कधी हातात धरून झटापट न केलेल्या माणसाच्या हातातला चाकू समोरच्याच्याच कामाला येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा शनिवार-रविवारी जा. श्रावणात तेव्हा या वाटेवर एकटं वाटण्याची सोय नसते. बारीतल्या एखाद्या गाववाल्याला वाटाड्या म्हणून सोबत घ्या, घरी परतीची वेळ सांगून ठेवा, आणि प्रत्येकीच्या सॅकच्या पट्ट्याला एक शिट्टी बांधा. धुक्यात हाक विरून जाते, शिट्टी लांबवर ऐकू येते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक पाचहीजणींच्या फोनमध्ये असू द्या, मात्र डोंगरात रेंज सगळीकडे मिळेलच असं धरून चालू नका.

सापाची भीती मनात असेल तर तिथे चाकू नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. दंशाच्या जागी चीर द्यायची, रक्त चोखून काढायचं, वर करकचून दोरी बांधायची, हे तिन्ही करायचं नसतं. हात किंवा पाय हलू न देता माणसाला शक्य तेवढं उचलून खाली आणायचं, १०८ ला फोन करायचा आणि सर्पविषावरचं औषध (अँटीव्हेनम) असलेलं रुग्णालय गाठायचं. फुरसं दगडाधोंड्यांत असतं, इतकंसं असतं आणि पटकन दिसत नाही. पाय ठेवण्याआधी जागा बघणं आणि बंद बूट घालणं हाच त्यावरचा खरा उपाय.

राहिलं काकड्या कापणं. त्या घरून कापून डब्यात न्या.

ज्यांना अभयारण्याबाहेरच्या डोंगरांवर खरोखरच सुरी लागते, त्यांच्यासाठी दोन शब्द. तीन इंचांच्या आतलं, मिटणारं पातं पुरे. उघडल्यावर खटका बसून पातं पक्कं राहणारी सुरी घ्या, कारण खटका नसलेल्या सुरीचं टोक दाबलं की पातं उलटं मिटतं, आणि ते बोटांवरच मिटतं. पावसाळ्यात स्टेनलेसच बरं, नाहीतर एका ओल्या दिवसात पात्यावर गंज दिसतो. आणि काकडी तळहातात धरून उभी चिरायची आपली जी घरातली सवय आहे, ती डोंगरावर ओल्या, गारठलेल्या हातांनी चालवू नका. डब्याचं झाकण खाली घ्या आणि त्यावर ठेवून कापा. खरं तर डोंगरात सुरीपेक्षा कात्री जास्त वेळा लागते: टेप कापायला, नख कापायला, सुटलेला दोरा कापायला.

आता मोजे. पायाला फोड येतो तो घर्षणाने. कातडी बुटाबरोबर सरकते, आतलं हाड वेगळ्या लयीत सरकतं, आणि मधले थर ओढले जाऊन सुटे होतात. त्या पोकळीत पाणी भरलं की फोड. ओली कातडी मऊ पडते आणि जास्त लवकर सुटते. श्रावणात तर पाय दिवसभर ओले राहणार हे धरूनच चालायचं. रोजचे सुती मोजे पाणी पितात आणि धरून ठेवतात. टाचेखाली त्यांची घडी पडते, आणि ती घडी दिवसभर एकाच जागी घासत राहते. म्हणून दुकानात मोज्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. कॉटन निम्म्याहून जास्त असेल तर परत ठेवा. पॉलिएस्टर, नायलॉन आणि थोडं इलॅस्टेन असलेले, टाच आणि पंजा जरा जाड विणलेले, बुटाच्या कडेच्या वर येणारे मोजे हवेत. मेरिनो लोकरीचे उत्तमच: ओले झाले तरी ऊब धरतात आणि वास मारत नाहीत. पण ते महाग असतात, आणि एका दिवसाच्या चालीसाठी मी तुम्हाला तो खर्च करायला लावणार नाही.

एक युक्ती तुमच्या कपाटातच आहे. स्कूटरवर जाताना चपलेत घालायचे ते अंगठा वेगळा असलेले, कातडीच्या रंगाचे पातळ नायलॉनचे मोजे. ते आतून घाला आणि वरून जाड मोजे. मग घासाघीस होते ती दोन मोज्यांमध्ये, कातडीची सुटका. मात्र बूट घ्यायला जाताना हे दोन्ही मोजे पायात घालूनच जा, नाहीतर घरी आल्यावर बूट घट्ट होतील.

मोज्यांचे दोन जोड न्यायचे. दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि तो माथ्यावर, उतरायला लागण्याआधी बदलायचा. बूट ओले असले तरीही बदलायचा. पाच मिनिटं पाय उघडे ठेवा, रुमालाने बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, टाचेला आणि करंगळीच्या बाजूला थोडं व्हॅसलीन लावा. जिथे नुसतं चुरचुरतंय, लाल झालंय, तिथे मात्र आधी कागदी टेप चिकटवा (व्हॅसलीनवर टेप बसत नाही, म्हणून हा क्रम सांभाळा). चुरचुरायला लागल्यावर 'आता खाली गेल्यावर बघू' म्हणणारीचाच फोड मोठा होतो. सगळ्यांना थांबवायला लाजू नका.

बुटांकडे वळण्याआधी तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीत. नवरात्रात कळसूबाईला जत्रा भरते तेव्हा आसपासच्या गावांतल्या आयाबाया चपलांवर, अनवाणीही चढून जातात. पण त्यांचे पाय लहानपणापासून त्या दगडांवर पडलेत. तुमचे पाय दिवसाचे आठ तास काउंटरखाली असतात. यजमानांना म्हणावं, तुम्ही स्लिपरवर चला, आम्ही मागून येतो.

माळ्यावरचे शूज मात्र नकोत. जेमतेम वापरलेत म्हणून ते नव्यासारखे आहेत असं आपल्याला वाटतं, आणि फसगत नेमकी तिथेच होते. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेसाळ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून विरत जातो, आणि बूट वापरात नसले तरी हे थांबत नाही. मग एखाद्या ओल्या चढावर सोल जबड्यासारखा उघडतो. विश्वास बसत नसेल तर टाचेची कड अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भुगा पडला किंवा तडे दिसले तर निकाल लागला. गटात एकीकडे तरी चिकटपट्टी आणि वायरी बांधायचे प्लास्टिकचे चार टाय असू द्या. उघडलेला सोल खालपर्यंत आणायला तेवढं पुरतं.

साडेनऊ हजारांच्या बुटांबद्दल माझं मत: कळसूबाईसाठी, तेही श्रावणात, घेऊ नका. वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो बाहेरचं पाणी अडवतो, पण आपल्या पावसात पाणी बाजूने येत नाही. पँटवरून ओघळून वरून आत जातं, ओढा ओलांडताना कडेवरून आत जातं. एकदा आत गेलं की तोच पडदा त्याला बाहेर पडू देत नाही. दिवसभर पखालीत पाय. त्यापेक्षा जाळीदार वरचा भाग असलेले, पाणी आत घेणारे पण तितक्याच लवकर सोडणारे बूट बरे. असे बूट दोन-तीन हजारांतही मिळतात. सह्याद्रीतले जुने भटके अजूनही 'अ‍ॅक्शन'च्या ट्रेकिंग बुटांचं नाव घेतात, ते काही महाग म्हणून नाही.

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, डोंगरातही सुजणारच. दोन्ही पाय मापून घ्या, मोठा निघेल त्याच्या मापाचा जोड घ्या. बूट उलटा करून तळव्यावर अंगठ्याचं नख रोवा. रबर किंचित दबलं पाहिजे. चकचकीत, कडक प्लास्टिकसारखं लागलं तर ते ओल्या कातळावर घसरणार. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून सुट्या हव्यात, म्हणजे चिखल त्यात अडकून बसत नाही. मग टाच आणि टोक धरून बूट वाकवा. तो पंज्यापाशी वाकावा, मधोमध घडी पडत असेल तर दगडांवर तळपाय दुखणार. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा. टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. शेवटी नाडी बांधून दुकानाचा जिना उतरा. चढायचं नाही, उतरायचं. बोटं पुढे आपटली तर माप चुकलंय. उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं ते याच आपटण्याने. नखंही आदल्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी कापा.

नाडीचंही सांगते, कारण यात एक पैसा लागत नाही. बऱ्याच बुटांना घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते आपण मोकळंच सोडतो. उतरायला लागण्याआधी नाडीचं प्रत्येक टोक त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या. मग उजवं टोक डाव्या फाशातून, डावं उजव्या फाशातून ओवा, खालच्या दिशेने ओढून घट्ट करा आणि नेहमीची गाठ मारा. टाच मागे पक्की बसते आणि पाय पुढे घसरत नाही. घरी दोनदा करून पाहा, पावसात बोटं सुचेनाशी होतात.

नवे बूट घेऊन थेट डोंगरावर जाऊ नका. दोन-तीन आठवडे गंगापूर रोडला चाला, बँकेत घाला, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून उतरा. ओले झाले तर आतले सुटे तळवे काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर चिकटवण सुटते.

आता पत्रातलं खरं दुखणं, तो डावा घोटा. बूट उंच म्हणजे घोटा मुरगळणार नाही, ही समजूत फार पसरलेली आहे, पण तशी खात्री कुणी देऊ शकत नाही. उंच बूट आधार वाटायला बरा असतो, आणि काट्याकुट्यांपासून वाचवतो. पण एकदा दुखावलेल्या घोट्याची खोड वेगळी असते: पाय तिरका पडतोय हे त्याला उशिरा कळतं. ते सुधारतं सरावाने. आजपासून दात घासताना एका पायावर उभ्या राहा, एक मिनिट डाव्या, एक मिनिट उजव्या. आठवडाभराने डोळे मिटून, बेसिनला हात टेकता येईल असं. पायरीच्या कडेवर पंजे टेकून टाचा वर-खाली करा. चार वर्षांनीही ठणकतोय म्हणजे एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवाच. त्या भेटीची फी बुटांच्या बजेटमधून काढा. दाखवल्यावर त्यांनीच उंच बूट किंवा पट्टा सुचवला तर माझं सोडा, त्यांचं ऐका.

पडणं बहुतेक वेळा उतरतानाच होतं, दुपारी, पाय थकल्यावर आणि गप्पा रंगल्यावर. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. बारीतून माथ्यापर्यंत आठशेहून अधिक मीटरची चढाई होते आणि तेवढंच पुन्हा खाली यायचं असतं. शेवाळलेल्या कातळावर कुठलाही बूट हमी देत नाही. तिथे पावलं छोटी टाका, गुडघे थोडे वाकलेले ठेवा, चकाकणारा दगड टाळून खडबडीत दगड निवडा. हातात एक काठी असू द्या, गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. लोखंडी शिड्यांवर मात्र काठी सॅकला अडकवा, तोंड शिडीकडे करून उतरा, आणि पुढची बाई दोन-चार पायऱ्या गेल्याशिवाय दुसरीनं पाय ठेवू नये. मागून येणाऱ्या पोरांच्या घोळक्याला 'थांबा' म्हणायची हिंमत करा. अर्ध्या वाटेवर पाऊस असा कोसळला की पुढची माणसं दिसेनात, तर परत फिरा. माथा कुठे जात नाही.

'एकदाच जाऊन थांबले तर' याचा हिशेब सोपा आहे. अडीच-तीन हजारांचे बूट, आणि दोन जोड बरे मोजे. हे बूट पावसाळाभर बाजारात आणि बसस्टॉपवर चालतील, मोजे तर कुठेही. चाकू परत गेला की त्याच पैशांत बहुतेक सगळं बसतं. तीन-चार डोंगर झाले आणि नाद लागलाच, तर हिवाळ्यात महाग बुटांचा विचार करा. तोवर तुमच्या पायाला काय चालतं हे तुम्हालाच दुकानदारापेक्षा चांगलं कळलेलं असेल.

तुमच्या मैत्रिणीनं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, आणि पायांना मुंग्या येतात का, बधिर वाटतात का, हे त्यांना मोकळेपणाने सांगावं. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते. मग फोड आला, खडा टोचला तरी कळत नाही, आणि ती जखम लवकर भरतही नाही. तिनं दर तासाला बूट काढून बघायचं, आणि स्वतःला दिसत नसेल तर तळपाय तुमच्यापैकी एकीनं बघायचा. अनवाणी कुठेच नाही, माथ्यावरच्या देवळापाशीही मोजे पायातच. कुठे फोड दिसला तर तो फोडायचा नाही. वर स्वच्छ पट्टी लावून तिथूनच खाली यायचं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा आणि वाटेतलं खाणं डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, साखर उतरलीच तर लगेच खायला ग्लुकोज किंवा गुळाचा खडा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असावा. आणि तिचे मोजे काळे किंवा निळे नकोत. पांढरे किंवा फिकट घ्या, म्हणजे रक्ताचा, पाण्याचा डाग उमटला की लगेच दिसेल.